खारीची जन्मतारीख

“हॅलो?... हॅलो, ताई?... हां, आता येतोय आवाज. एक मिनिट, एक मिनिट... सोड! सोड ती चप्पल!... अगं, तुला नाही, खारीला. आजोबांची चप्पल आहे... सोड म्हणते ना!”

निकिताने फोन कान आणि खांदा यांच्यात दाबला, दोन्ही हातांनी चप्पल ओढली आणि पट्ट्यासकट अर्धी परत मिळवली. उरलेली अर्धी घेऊन खारी कॉटखाली गेली. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, म्हणजे जर्मनीत दुपारचा एक, पूर्वाताईची जेवणाची सुट्टी. एरवी ताईचा फोन रविवारी यायचा, तोही सगळ्यांना. आज मंगळवार, आणि फोन एकट्या निकिताच्या नंबरवर.

“बोल... रडतेयस का तू?... मग आवाज असा काय?... सर्दी. बरं. मान्य... हो, ऐकतेय. दप्तर अजून पाठीवर आहे, पण कान मोकळे आहेत. सांग.”

“कुणाचा मेल?... शुभंकर म्हणजे तो मुंबईचा ना, कुत्र्यामांजरांचे परदेशाचे कागद करून देतो तो?... हं... मग?... ‘लस दिली तेव्हा पिल्लू बारा आठवड्यांपेक्षा लहान होतं.’... हं.”

हा शेवटचा ‘हं’ फार शहाण्यासारखा निघाला. इथे खरं तर किंचाळायला हवं होतं. निकिताच्या ते लक्षात आलं आणि ती अर्धा सेकंद उशिरा किंचाळली.

“काय सांगतेस! अगं पण... बारा आठवडे म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. कार्डावर जन्म एक जून, रेबीजची लस आठ ऑगस्ट. अडुसष्टच होतात. सोळा कमी... तोंडी केलं गं. दहावीत आहे मी, वजाबाकी येते मला.”

“नाही नाही, कातडीखालच्या चिपचा काही प्रश्न नाही. चिप आधी, मग लस, तो क्रम आपण पाळला होता... लस लागू पडली का ते बघायचा रक्ताचा रिपोर्टही छान आला, हो. पण ते लसच धरत नाहीत म्हटल्यावर रक्ताला कोण विचारणार? रक्त धरायला आधी धरण्यासारखी लस हवी... म्हणजे पाच जानेवारीला तू सुट्टीवरून परत जाताना ती तुझ्याबरोबर नाही येऊ शकत... अगं, मी नाही म्हणत! युरोपवाले म्हणतायत!”

“खोटी आहे हे मला कशाला सांगतेस? मी तिथेच होते. टेबलावर तिचे मागचे पाय कुणी धरले होते?... मीच.”

तारीख खोटी होती, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जुलैत पूर्वाला विश्रांतवाडीच्या चौकातल्या बेकरीच्या पायरीखाली हे पिल्लू सापडलं, तोंडाला खारीचा चुरा लागलेलं, म्हणून नाव खारी. नोकरी जर्मनीत लागलेली, जायचं ठरलेलं, आणि ताईने जाहीर करून टाकलं, की हिला मी नेणार. ऑगस्टात लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टर श्रद्धा मॅडमनी कार्ड पुढे ओढून विचारलं, जन्मतारीख? सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि कचरूआजोबा मागून म्हणाले, “लिहा, एक जून.”

आजोबांची स्वतःची जन्मतारीख एक जून. त्यांच्या भावाची एक जून, चुलतभावाची एक जून, वर्गातल्या निम्म्या पोरांची एक जून. शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, आईबापांना सांगता यायचं नाही, मग मास्तर शाळा सुरू व्हायच्या महिन्याचा पहिला दिवस लिहून मोकळे व्हायचे. आजोबांची आई सांगायची, हा झाला तेव्हा बाजरीची काढणी चालली होती. जूनमध्ये बाजरी पेरतात, काढत नाहीत. पण लेखणी मास्तरांच्या हातात होती. त्या एका ओळीपायी आजोबा फॅक्टरीतून दीड वर्ष आधी घरी बसले, आणि घरात एक विनोद कायमचा राहायला आला. ज्याला तारीख नाही त्याला एक जून. गॅसच्या शेगडीचासुद्धा वाढदिवस एक जून.

त्या दिवशी दवाखान्यात सगळे हसले होते. पूर्वाताई सगळ्यांत जास्त. श्रद्धा मॅडम हसल्या नव्हत्या, त्यांनी लिहिलं होतं.

“काय करू म्हणतेस?... मॅडमकडे? आत्ता?... आणि काय सांगू, जूनचा एप्रिल करून द्या?... हो, हो... अगं ऐक ना... ताई, ऐक ना! एप्रिलचीच असणार ती, मलाही तसंच वाटतं. पण मॅडम नाही करणार... कसं माहीत म्हणजे? म्हणाल्या त्या. ‘कार्डावर खाडाखोड करायची असेल तर पाटी घेऊन ये, पेन्सिल मी देते.’... हो ना, अगदी तशाच तोंडाने.”

“दातांचंही विचारलं मी. नाही जमत. आता तिचे सगळे दात पक्के आलेत, त्यावरून एप्रिल की जून ते कुणी सांगू शकत नाही. ऑगस्टमध्ये दुधाचे दात पडत होते, तेव्हा अंदाज बरोबर आला असता. तेव्हा विचारलं असतंस तर सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं असतं, म्हणाल्या... हो, मीच विचारलं. रिक्षाने गेले ना, एकटी. खारी सगळा वेळ रिक्षावाल्याच्या मानेवर श्वास सोडत होती. तो म्हणाला, मॅडम, मीटर दोघींचं लावू का?... शनिवारी.”

बोलून झाल्यावर निकिताने आपलं वाक्य ऐकलं. आज मंगळवार. मेल आजचा.

“हॅलो?... ताई, तुझा आवाज तुटतोय... नाही तुटत?... हं. नाही तुटत. नेटवर्क बरं आहे. थांब जरा. ठेवू नकोस हं, थांब.”

तिने खोलीचं दार लोटलं, दप्तर उतरवलं आणि कॉटला पाठ लावून जमिनीवर बसली. गेल्या महिन्यात शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती चारशे मुलांसमोर सात मिनिटं बोलली होती आणि एकदाही अडखळली नव्हती. आता समोर एक बहीण होती, तीही सात समुद्रांपलीकडे, आणि ती फोन या कानावरून त्या कानावर नेत होती.

“हो. मला आधीच माहीत होतं... शनिवारच्याही आधी... नाही, दिवाळीच्याही आधी. मी सांगते, तू महिने नको म्हणत बसूस. तू पंचवीस ऑगस्टला गेलीस ना? त्याच आठवड्यात. तीस तारखेला. तू फाइल दिली होतीस माझ्याकडे. म्हणालीस, फक्त सांभाळ, आतलं वाचू नकोस, बोअर आहे. मग मी वाचली.”

“हो. एका हातात नियमांचा कागद, एका हातात कार्ड. बोटांवर मोजलं, मग कालनिर्णयावर मोजलं. दोन्हीकडे अडुसष्ट.”

“आठवतंय. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला होता. तू विचारलंस, कागद नीट आहेत ना? मी म्हटलं, एकदम नीट... हो, खोटं बोलले... नाही, विसरले नव्हते... घाबरलेही नव्हते. ताई, तू मला कारणं नको ना सुचवूस. तू कारणं दिलीस की मी लगेच त्यातलं बरं दिसणारं घेते.”

“मला ती जायला नको होती. बस. एवढंच आहे.”

पलीकडून ऑफिस ऐकू येत होतं. कुठल्या तरी खुर्चीचा करकर आवाज, लांब कुणीतरी हसलं, ते जर्मनमधलं हसणं. खारी कॉटखालून बाहेर आली आणि तोंडातली अर्धी चप्पल तिने निकिताच्या मांडीवर आणून ठेवली, जणू आता मिटवून टाकू म्हणत होती.

“आहेस का?... ओरड ना. ओरड गं, तुझ्या ऑफिसला कुठे मराठी कळतंय.”

“हो... हो... बरोबर आहे... हो, केलाय मी तोही हिशेब. तीस ऑगस्टला पुन्हा लस दिली असती, तीस दिवसांनी रक्त, रक्तापासून तीन महिने. डिसेंबरच्या शेवटाला मोकळी. पाच जानेवारीच्या विमानात आरामात बसली असती... आणि दातही तेव्हा होते. नुसतं तिचं तोंड उघडून दाखवायचं होतं. मी माझंच बंद ठेवलं.”

“काय?... कळलं नाही, नाक पूस आधी... शुक्रवारपासून कुणाशीच नाही? म्हणजे? ऑफिसात बोलतेस ना?... येताना ‘मॉर्निंग’ आणि निघताना ‘चाव’ हे काय बोलणं झालं?... मग रविवारी तू आईला सांगतेस ते? मैत्रिणी झाल्या, तळ्यावर फिरायला गेलो, फोटोसुद्धा पाठवलास. लाल टोपीवाली आणि ती उंच... कोण होत्या मग त्या?... ताई! बसस्टॉपवरच्या?... तू अनोळखी बायकांबरोबर सेल्फी काढून आम्हाला... नाही, हसत नाहीये. शपथ हसत नाहीये... हसलीस तर तूच.”

“म्हणजे तुझंही एकदम नीटच चाललं होतं.”

निकिताने तीन महिने एक वाटणी मनात पक्की करून ठेवली होती. ताईकडे नोकरी, परदेश, स्वतःची खोली, बर्फ. आपल्याकडे एक खारी. इतकं सगळं असणाऱ्याने आणखी एक कुत्री मागायची म्हणजे हावरेपणा झाला. ही वाटणी इतकी न्यायाची वाटायची, की गप्प बसताना कधी फार टोचलंच नाही. आता तिला त्या खोलीत कोण कोण आहे ते मोजावं लागत होतं, आणि आकडा एकाच्या पुढे जात नव्हता.

“मराठीत बोलायला हवी होती? खारी?... अगं पण हो, कळतं तिला. ‘सोड’ पूर्ण कळतं. सोडत नाही, ते वेगळं.”

“शनिवारीच का?... तू शुक्रवारी फोटो पाठवलास ना, गादीचा. खिडकीखाली ठेवलेली. वर तिचं नाव शिवून घेतलंस, देवनागरीत. तिकडे कोणाकडून शिवून घेतलंस गं?... स्वतः? तुला तर बटण लावता येत नाही... तेच, म्हणून ‘री’ची वेलांटी उलटी आहे. मी ती वेलांटी बघत बसले आणि सकाळी उठून फाइल बाहेर काढली.”

“नुसतं विचारायला नव्हते गेले. पुन्हा लस दिली तिला. बावीस नोव्हेंबर, शनिवार. आईने मॅडमना फोनवर हो सांगितलं. मॅडमनी नवीन पान केलं. म्हणाल्या, जन्मतारीख? मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाल्या, ‘वा, या घरातून पहिल्यांदा खरं उत्तर आलं.’ आणि लिहिलं, ‘अंदाजे सात महिने’. आता तेवढं पुरतं. बारा आठवडे तर कुठल्याही हिशेबाने झालेत.”

“लिहून घे. बावीस नोव्हेंबरला लस. तीस दिवस पुरे झाले, की तेवीस डिसेंबरला रक्त. तेव्हा तू नाताळच्या सुट्टीला इथे असशील, पाय तू धर, तोंड मी धरते. मग तीन महिने वाट. म्हणजे मार्चचा शेवटचा आठवडा. तोवर माझे पेपर संपतात. तुला इस्टरला चार दिवस सुट्टी असते, मी बघून ठेवलंय. तू ये आणि घेऊन जा... तेव्हा तिकडे थंडीही कमी असेल. जानेवारीत तिचे पंजे गारठले असते. नाही, हे चांगलं झालं असं नाही म्हणत मी. नाही झालं चांगलं.”

“ठेव तुझ्याकडेच म्हणजे?... ताई, हे तू रागाने म्हणतेयस की मनापासून?... दोन्ही? असं नसतं दोन्ही... नाही, ऐक. मी नाही ठेवणार. मला आत्ता तू दिलीस तर मी घेईन गं, लगेच घेईन, म्हणून नको देऊस. शनिवारपासून तिला प्रवासाच्या पिंजऱ्यात बसायला शिकवतेय मी. आधी डोकं घालते आणि ढुंगण बाहेर ठेवते. काल चार मिनिटं पूर्ण आत होती. विमान आठ तासांचं आहे, माहितीये मला. रोज थोडं थोडं वाढवणार... रडारड होते थोडी. तिची नाही, माझी.”

“आजोबा? आहेत बाहेर, खुर्चीत... बरे आहेत. म्हणजे, तब्येत बरी आहे.”

खारीने कान टवकारले. निकिताने उगाच तिच्या कानामागे खाजवायला सुरुवात केली. फोन ठेवावा असं तिला या सगळ्या बोलण्यात पहिल्यांदाच वाटलं.

“गप्प गप्प असतात... शनिवारपासून. मी घरी आले तर विचारलं त्यांनी, लस पुन्हा का दिली? मी म्हटलं, तुमची ती एक जून नडली... तेवढंच म्हटलं. त्यापुढे काही नाही म्हटलं.”

“हो... ते काल एकटेच मॅडमकडे जाऊन आले. मला संध्याकाळी मॅडमनी सांगितलं फोन करून. म्हणाले, चूक माझी आहे, पाहिजे तर माझ्या नावाने अर्ज लिहून घ्या, मी सही करतो, पण पोरीचं कुत्रं अडवू नका. मॅडम म्हणाल्या, काका, आता सही करून उपयोग नाही. तर तिथेच बाकावर बसले बराच वेळ. म्हणाले, मास्तरांनी मला केलं तेच मी त्या मुक्या जिवाला केलं... मॅडम असं कधी बोलत नाहीत गं, पण त्यांनी मला पुढे काही टोमणाच मारला नाही.”

“नाही... नाही सांगितलं अजून... कारण त्यांची चूक जेवढी मोठी दिसते तेवढी माझी लहान दिसते. शनिवारपासून मी त्या सावलीत बसलेय. मस्त गार आहे तिथे.”

“हो. घाणेरडं आहे. मला माहितीये ताई, तू नको सांगूस.”

“नाही गं, त्यांचा एक जून दुरुस्त होण्यासारखा होता. तीस ऑगस्टला तो नुसता एक विनोद होता, चुकलेला. पुढे ते तीन महिने घालवले ते मी. आजोबांनी नाही, मास्तरांनी नाही, श्रद्धा मॅडमनी नाही. मी.”

“आत्ता?... चहा घेतायत ते... नाही, टाळत नाहीये... बरं, टाळतेय. उठते. उठले बघ.”

ती भिंतीला हात लावून उभी राहिली. खारी तिच्याआधी दारापाशी जाऊन उभी, फिरायला निघालो अशा समजुतीत.

“नाही, स्पीकरवर नको... व्हिडिओ तर मुळीच नको. तू असलीस की मी तुझ्याकडे बघून बोलेन, त्यांच्याकडे नाही... तू जेव. सुट्टी संपत आली असेल तुझी. डब्यात काय आणलंस?... ब्रेड? रोज ब्रेड?... बरं, त्यावर नंतर बोलू.”

“आणि ऐक. उद्या फोन करशील?... माझ्यावर चिडलेली असलीस तरी कर. उलट चिडूनच कर. अर्धा तास मराठीत चिड. रविवारची वाट बघू नकोस, आईला नाही सांगायचं तर नको सांगूस, मला कर... हो. मी उचलेन. क्लासमध्ये असले तरी उचलेन, बाईंना सांगेन आंतरराष्ट्रीय आहे.”

“नाही, माफ नको करूस आज. आज फार लवकर होईल ते.”

तिने दार उघडलं. बाहेरच्या खोलीत आजोबा बशीत चहा ओतून तसाच धरून बसले होते, प्यायचं विसरल्यासारखे. बशीवर साय धरत आली होती. खारी जाऊन त्यांच्या पायाशी बसली, आणि त्यांनी खाली न बघताच पाय बाजूला घेतला, तिला जागा करून देत.

“आजोबा... चहा घ्या आधी, निवतोय. मग मला तुमच्याशी बोलायचंय... नाही, खारीचं नाही. माझं... ताई, ठेवते गं.”